ग्रामसभेच्या आधीची ग्रामसभा : गोंडांची स्वशासन व्यवस्था समजून घेताना

दरवर्षी अशोक विजयादशमीला आपण लाखोंच्या संख्येने नागपूरला जातो. दीक्षाभूमीवर नतमस्तक होतो, स्टॉलवरून पिशवीभर पुस्तके घेतो आणि परतीची गाडी पकडतो. हे शहर मुळात वसवले कोणी, हा प्रश्न आम्हाला स्वतःला पंचविशीपर्यंत पडला नव्हता. नागपूर वसवले देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने, 1702 च्या सुमारास. नागपूरच्या दीक्षेनंतर दोन दिवसांनी, 16 ऑक्टोबर 1956 रोजी, बाबासाहेबांनी जिथे दीक्षा दिली ते चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, हीसुद्धा गोंड राजांचीच राजधानी. आपल्या चळवळीच्या दोन मोठ्या भूमी गोंडांनी वसवलेल्या शहरांत आहेत, आणि गोंडांबद्दल आपल्याला माहीत काय, तर राणी दुर्गावतीचा फोटो, गोंडी चित्रकला आणि नक्षलवादाच्या बातम्या.

हा समाज स्वतःचा कारभार कसा चालवत होता आणि काही ठिकाणी आजही कसा चालवतो, हे समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे. त्यात आपला काय संबंध, असे ज्यांना वाटते त्यांनी शेवटपर्यंत वाचावे. संबंध आहे, आणि तो सोपा नाही.

आधी एक प्रसंग. काही वर्षांपूर्वी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावात तेंदूपत्त्याच्या हंगामाआधीची बैठक होती. मुद्दा साधा वाटत होता. पानांची विक्री वनखात्यामार्फत करायची की ग्रामसभेने स्वतः कंत्राटदाराशी बोलणी करून करायची, एवढेच ठरवायचे होते. रात्री आठला लोक जमले. साडेदहापर्यंत बहुतेक सगळे ग्रामसभेने स्वतः विकण्याच्या बाजूने बोलून झाले. एक म्हातारे बाबा मात्र मान हलवत होते. त्यांचे म्हणणे, कंत्राटदार जास्त पाने मागेल, मग पोरे देवाच्या डोंगरावरही चढतील. आमच्यासोबत चंद्रपूरचा एक तरुण कार्यकर्ता होता, आपल्याच समाजातला, अभ्यासू मुलगा. त्याने आमच्या कानाशी येऊन विचारले, "सर, हात वर करायला सांगा ना. एकाविरुद्ध साठ आहेत. संपला विषय." शेजारी बसलेल्या पाटलांनी ते ऐकले आणि हसत म्हणाले, "बाबू, हात मोजले त जो हरला तो उद्या कोनासंगं जंगलात जाईल?"

बैठक उठली. निर्णय झाला नाही. दुसऱ्या रात्री पुन्हा बसायचे ठरले.

परतताना तो मुलगा चिडलेला होता. लोकशाही म्हणजे बहुमत, हे आपण शाळेपासून शिकलो. एका माणसासाठी साठ लोकांची रात्र वाया गेली, असे त्याला वाटले. आम्हालाही थोडे वाटलेच. पुढे त्या भागात काम करताना जे उमगत गेले, त्यातून हा लेख आला आहे.

राजे होते, पण गाव राजाचे नव्हते

गोंडांची लोकसंख्या आज एक कोटीच्या वर आहे. मध्य प्रदेश, छत्तीसगड, महाराष्ट्र, तेलंगणा, ओडिशा अशा राज्यांत ती विभागली गेली. 2011 च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे 30 लाख नोंदले गेले. यावरून लक्षात येते की भाषा किती झपाट्याने हातातून सुटली आहे. समाजशास्त्राच्या पुस्तकात आदिवासी म्हटले की 'राज्यविरहित समाज' हा शब्द येतो. आम्हीही तो परीक्षेत लिहिला आहे. गोंडांना तो लागू पडत नाही, निदान पूर्ण पडत नाही. गढा-मंडला, देवगड, खेरला आणि चांदा अशी त्यांची मोठी राज्ये होती. गढ्याच्या संग्राम शाहाकडे 52 गड होते असे सांगितले जाते. त्याची सून राणी दुर्गावती 1564 मध्ये अकबराचा सरदार आसफखान याच्याशी लढताना मरण पावली. चांद्याचा कोट, वेशी आणि तलाव आजही उभे आहेत. चंद्रपुरात 'तुकूम' नावाची वस्ती आहे. जो तळे बांधील त्याला त्या तळ्याच्या पाण्याखाली येणारी जमीन द्यायची, या जुन्या गोंड काळातल्या पद्धतीशी हा शब्द जोडलेला आहे. दुष्काळ निवारणाच्या योजनांवर आज जे भाषण होते त्यापेक्षा ही योजना जास्त सुटसुटीत होती, असे आमचे मत.

मात्र एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. राजा वर होता आणि गाव खाली होते, पण गावाचा अधिकार राजाकडून खाली आलेला नव्हता. राजाला नजराणा, धान्य, लढाईला माणसे मिळत. गावात जमीन कोणी कसायची, कोणते झाड तोडायचे नाही, कोणाचे लग्न मोडले तर काय करायचे, यात राजा पडत नसे. म्हणूनच 1751 मध्ये नागपूरकर भोसल्यांनी चांद्याचे राज्य घेतले तेव्हा राजा गेला, पण पंच गेले नाहीत. गोंड गावाचा कणा मोडला तो त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी, आणि तो तलवारीने मोडला नाही. त्याकडे पुढे येऊ.

गाव चालते कसे

नावे भागागणिक बदलतात, हे आधीच सांगतो. बस्तर आणि दक्षिण गडचिरोलीत गायता, पेरमा हे शब्द आहेत. इतरत्र भूमक किंवा भूमिया. आदिलाबादकडे गावप्रमुखाला पटला म्हणतात आणि पुजाऱ्याला देवारी. त्यामुळे एका गावात ऐकलेले दुसऱ्या गावाला जसेच्या तसे लावू नये. आपल्या कार्यकर्त्यांची ही चूक वारंवार होते.

व्यवस्थेचा गाभा असा. ज्या कुळाने पहिल्यांदा जंगल साफ करून गाव वसवले, त्या कुळाचा त्या मातीशी करार झाला, अशी श्रद्धा असते. त्या कुळातला माणूस गायता किंवा भूमक होतो. पेरणी कधी, शिकार कधी, नवे फळ कधी खायचे, हे तो सांगतो. सरकार, व्यापारी, शेजारचे गाव यांच्याशी बोलणे हे पाटलाचे काम. म्हणजे मातीचा अधिकार एकाकडे आणि बाहेरच्या व्यवहाराचा दुसऱ्याकडे. दोघांनाही पगार नाही, दोघेही नांगर धरतात, आणि दोघांपैकी कोणीही पंचांशिवाय निकाल देऊ शकत नाही. पंच म्हणजे निवडून आलेली पाच माणसे नव्हेत. प्रत्येक घरातला एक जाणता माणूस बसतो, तो पंच. वाद ज्याचा असेल त्यानुसार काही माणसे जास्त बोलतात, काही कमी.

बसायची जागा म्हणजे गोटुल. गोटुल म्हटले की शहरी वाचकाच्या मनात काय येते ते आम्हाला ठाऊक आहे. व्हेरियर एल्विन यांनी 1947 मध्ये बस्तरच्या मुरिया गोटुलवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यातला अभ्यास मागे राहिला आणि तरुण मुलामुलींच्या शयनगृहाची चघळून सांगितलेली गोष्ट तेवढी पुढे गेली. मुरिया गोटुलमध्येसुद्धा मुलांचे स्वतःचे पदाधिकारी असत, कामाची वाटणी असे, चुकल्यास शिक्षा असे. मोठेपणी गाव चालवायचे शिक्षण तिथे मिळे. गडचिरोलीत बऱ्याच ठिकाणी गोटुल म्हणजे गावाची बैठक भरण्याची, पाहुणा उतरण्याची, सणाला जमण्याची जागा. आपल्याकडच्या समाजमंदिराची किंवा विहाराच्या सभामंडपाची आठवण करा, म्हणजे चित्र जवळ येईल.

नियम लिहिलेले नसतात, सणांत बांधलेले असतात. मरका पंडुम म्हणजे आंब्याचा सण. तो सण झाल्याशिवाय गावात कोणी आंबा उतरवत नाही. बाहेरच्याला ही पूजा दिसते. पण कच्चे फळ कोणी एकट्याने ओरबाडू नये, पिकायला वेळ मिळावा आणि सुरुवात सगळ्यांनी एकाच दिवशी करावी, असा हा कायदा आहे. त्याला पहारेकरी लागत नाही. विधी पाहून 'अंधश्रद्धा' म्हणत पुढे जाणारा कार्यकर्ता हा कायदा पाहतच नाही. आम्हीही सुरुवातीला पाहिला नव्हता.

गावाच्या वर इलाका किंवा परगणा असतो. काही गावांचा मिळून एक प्रदेश, त्याची सामाईक दैवते, त्याचा प्रमुख. एट्टापल्ली तालुक्यात सुरजागड इलाका आहे. तिथल्या डोंगरावर ठाकूरदेवाची जत्रा जानेवारीत भरते आणि जत्रेत इलाक्याचे प्रश्नही बोलले जातात. त्याच डोंगरात लोहखनिजाची खाण आल्यावर विरोधाचे ठराव इलाक्यातल्या ग्रामसभांनी मिळून केले. हे संघटन कोणी बाहेरून येऊन शिकवलेले नव्हते, ते आधीपासून होते. बस्तरमध्ये परगण्याच्या प्रमुखाला मांझी म्हणतात. जगदलपूरच्या दसऱ्यात मुरिया दरबार भरतो, तिथे मांझी आणि चालकी आजही आपल्या भागाची गाऱ्हाणी मांडतात. तेलंगणात उटनूर भागात 'राय सेंटर' आहेत आणि त्यांचे प्रमुख सारमेडी म्हणून ओळखले जातात.

सगा : नात्यातून उभी राहिलेली सत्ता

गोंडांच्या राजकारणातली आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट गावाची नाही, नात्याची आहे. सगळी कुळे चार, पाच, सहा आणि सात देवांच्या गटांत विभागलेली असतात. तुम्ही किती देवांचे, हा पहिला प्रश्न असतो. समान देवांचे लोक एकमेकांचे भाऊ, त्यांच्यात लग्न होत नाही. वेगळ्या देवांचे ते सगे-सोयरे. ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हैमेनडॉर्फ यांनी 1940 च्या दशकात आदिलाबादच्या राजगोंडांमध्ये राहून या सगा व्यवस्थेची सविस्तर नोंद केली. नागपूरचे डॉ. मोतीरावण कंगाली यांनी गोंडी भाषा आणि पुनेम यांवर आयुष्यभर लिहिले आणि पहांदी पारी कुपार लिंगो यांनी ही व्यवस्था घालून दिली, ही समाजाची धारणा ग्रंथात मांडली. गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडला माघ पौर्णिमेला लोटणारा जनसागर या लिंगोच्या आठवणीशी जोडलेला आहे.

यात राजकारण कुठे आले? लग्न असो वा मयत, काही कामे आपल्या भावकीला करताच येत नाहीत, ती दुसऱ्या सगाच्या माणसानेच करायची असतात. म्हणजे एखादे कुळ कितीही मोठे, कितीही जमीनवाले असले, तरी शेजारच्या लहान कुळाशिवाय त्याचा साधा विधीही पूर्ण होत नाही. वाद झाला तर दोन्ही बाजूंना नाती असलेली माणसे बैठकीत असतातच आणि तीच मध्यस्थ होतात. एखाद्याला कायमचे हरवून टाकणे या रचनेत परवडत नाही. पाटलांनी त्या रात्री आमच्या तरुण मित्राला जे विचारले, त्याच्या मागे हे सगळे होते.

दंडही याच हिशेबाने ठरतो. चुकलेल्याने धान्य, बकरा किंवा रोख द्यायची, गावाने एकत्र जेवायचे, आणि जेवण झाले की विषय संपला. त्यानंतर तो विषय पुन्हा काढणाराच चुकीचा ठरतो.

मोडतोड कशी झाली

इंग्रजांनी 1860 च्या दशकात मध्य प्रांतात मालगुजारी बंदोबस्त आणला. गावाचा सारा गोळा करणारा माणूस गावाचा मालक ठरला. अनेक ठिकाणी तो बाहेरचा सावकार किंवा कारकून होता. काही गोंड प्रमुख जमीनदार झाले आणि आपल्याच लोकांपासून तुटले, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. त्यानंतर 1878 आणि 1927 च्या वन कायद्यांनी जंगल सरकारचे झाले. गायत्याने मातीशी केलेल्या कराराला कागदावर किंमत उरली नाही. काल जे गावाचे होते ते आज चोरून आणावे लागू लागले, आणि चोरी पकडणाऱ्या गार्डला कोंबडी द्यावी लागू लागली. कणा मोडला तो असा.

त्याविरुद्ध लढेही झाले. बाबुराव शेडमाके यांना 21 ऑक्टोबर 1858 रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. बस्तरचा भूमकाल 1910 चा. निजामाच्या राज्यात कोमरम भीम यांनी जोडेघाट परिसरातल्या बारा गावांसाठी जल-जंगल-जमिनीवर स्वतःचा अधिकार मागितला आणि 1940 मध्ये पोलिसांच्या गोळ्यांनी ते मारले गेले. भीम यांची मागणी बारा गावांचा कारभार बारा गावांकडे, अशी होती. इतिहासाच्या पुस्तकात ते 'बंडखोर' म्हणून येतात. त्यांचे स्वशासनाचे म्हणणे गळून जाते. या उठावानंतरच निजाम सरकारने हैमेनडॉर्फ यांना बोलावले. केसलापूरच्या नागोबा जत्रेतला दरबार, जिथे अधिकारी येऊन आदिवासींची गाऱ्हाणी ऐकतात, तोही त्याच दशकातला.

स्वातंत्र्यानंतर पंचायत राज आले, पण तीन-चार गावांची मिळून एक ग्रामपंचायत आली. सरपंच एका गावचा, सचिव तालुक्याचा, आणि गोटुलमध्ये बसणाऱ्या माणसांना त्यात काही जागा नाही.

बाबासाहेब आणि जयपालसिंग मुंडा

आता अवघड जागा. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याला स्थानिक संकुचितपणाचे डबके आणि अज्ञान व जातीयतेचे आगर म्हटले. आपल्यापैकी प्रत्येकाला हे भाषण माहीत आहे, आणि प्रत्येकाच्या घरात त्याचा पुरावा आहे. आमच्या आजोबांना गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हते. ते गाव सोडून आले म्हणून आम्ही शिकलो. त्यामुळे 'गाव हेच सरकार' असे कोणी म्हटले की आपल्या अंगावर काटा येतो. तो यायलाच हवा.

त्याआधी, 19 डिसेंबर 1946 रोजी, त्याच घटना समितीत जयपालसिंग मुंडा उभे राहिले होते. आदिवासींना तुम्ही लोकशाही शिकवू शकत नाही, ती तुम्ही त्यांच्याकडून शिकायची आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. एकाच सभागृहातल्या दोन वंचित समाजांच्या नेत्यांची ही दोन विधाने. एकाला गाव तुरुंग वाटते, दुसऱ्याला गावच संसद वाटते.

दोघेही आपापल्या गावाबद्दल खरे बोलत होते, असे आम्हाला वाटते. बाबासाहेबांसमोर होते ते गावगाड्याचे गाव, जिथे गावकुसाच्या आत सत्ता आणि बाहेर महारवाडा. जयपालसिंगांसमोर होते ते एका समाजाने वसवलेले, सोयरिकीने बांधलेले गाव. पण इथे थांबून सोयीस्कर निष्कर्ष काढता येत नाही. 1945 मध्ये जातीय प्रश्नाच्या सोडवणुकीवर लिहिताना बाबासाहेबांनी आदिम जमातींमध्ये अजून राजकीय जाण विकसित झालेली नाही, असे मत मांडले होते आणि त्यांना आपल्या प्रतिनिधित्वाच्या योजनेबाहेर ठेवले होते. आदिवासी तरुण हे वाक्य आपल्याला दाखवतात तेव्हा आपण गडबडतो किंवा रागावतो. रागावू नये. नंतर पाचवी अनुसूची घटना समितीत मांडली तीही बाबासाहेबांनीच, आणि ग्रामपंचायतींचे कलम 40 घालणारी दुरुस्ती स्वीकारली तीही त्यांनीच. त्यांचे एक वाक्य धरून बसण्यापेक्षा त्यांनी घडवलेली घटना वाचणे हा त्यांच्या अनुयायाचा मार्ग आहे, असे आम्ही समजतो.

पेसा आणि मेंढा

73 वी घटनादुरुस्ती अनुसूचित क्षेत्रांना थेट लागू नव्हती. दिलीपसिंग भुरिया समितीने 1995 मध्ये अहवाल दिला आणि 24 डिसेंबर 1996 रोजी पेसा कायदा आला. त्यातली व्याख्या पाहा : परंपरा आणि रूढींनुसार आपला कारभार चालवणारा समुदाय जिथे राहतो ती वस्ती, पाडा किंवा टोला म्हणजे गाव. महसुली नोंदवहीतले गाव नव्हे. आणि अशा गावाची ग्रामसभा आपल्या परंपरा, सामुदायिक साधने आणि तंटे सोडवण्याची रूढ पद्धत जपायला सक्षम आहे, असे कायदा म्हणतो. म्हणजे गोटुलमधल्या बैठकीला पहिल्यांदा कायद्याने ओळखले. महाराष्ट्राने त्याचे नियम करायला मात्र 2014 साल उजाडले.

वनहक्क कायदा 2006 चा. त्याखाली सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांत गडचिरोलीतली मेंढा (लेखा) आणि मर्दा ही गावे 2009 मध्ये आली. मेंढ्याचा वनहक्क सुमारे 1,800 हेक्टरवर आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा याच गावाची. मेंढ्यातही गोटुलसाठी लाकूड वापरले म्हणून वनखात्याने गोटुल मोडले होते आणि लोकांनी ते पुन्हा उभारले. तिथे निर्णय सर्वसहमतीने होतात. त्याआधी अभ्यासगटात विषय समजून घेतला जातो, बाहेरच्या जाणकारांशी चर्चा होते. हक्क मिळाला तरी बांबू विकायला वाहतूक परवाना लागतो, आणि तो वनखाते सोडेना. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. एका पुस्तकासाठी मंत्र्याला गावात यावे लागले, यावरून खात्याची पकड किती घट्ट होती ते समजावे.

आज गडचिरोलीत हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत. कोरची तालुक्यात 90 ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा केली. जुन्या इलाक्याचाच हा नवा अवतार म्हणता येईल, पण एक फरक आहे : प्रत्येक ग्रामसभेतून दोन पुरुष आणि दोन स्त्रिया.

हा फरक लहान नाही, कारण जुन्या पंचांत बाई नव्हती. गोंड स्त्रीला घटस्फोट, पुनर्विवाह, बाजारहाट यांत जे स्वातंत्र्य आहे ते सवर्ण घरांत नव्हते, हे खरे. पण तिच्या लग्नाचा वाद पुरुष ऐकत आणि ती बाजूला बसे. मासिक पाळीत तिला गावाच्या कडेच्या कुर्माघरात राहावे लागते. तिथल्या पावसाळ्यातल्या रात्री आम्ही पाहिल्या आहेत आणि त्यांचे कोणतेही सांस्कृतिक समर्थन आम्ही ऐकून घेणार नाही. जादूटोण्याच्या संशयावरून माणसाला वाळीत टाकणे, प्रधानांना हलके लेखणे, हेही त्या व्यवस्थेत आहे. प्रधान हे गोंडांचे गायक, वंशावळ आणि देवकथा जपणारे. त्यांच्या किंगरीशिवाय देवकार्य होत नाही, पण त्यांच्या घरचे अन्न चालत नाही. आपल्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. महाराष्ट्रात 2013 चा जादूटोणाविरोधी आणि 2016 चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा आहे, आणि रूढीच्या नावाने कोणतीही ग्रामसभा त्यांच्या वर नाही.

गावाच्या कडेची घरे

आता आपला संबंध. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाच्या जंगलातल्या कितीतरी गोंड गावांत बौद्धांची चार-सहा घरे आहेत. पूर्वी कोणी विणकर होते, कोणी कोतवाल. पेसा क्षेत्रात सरपंचपद अनुसूचित जमातीसाठी राखीव असते. 2014 च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने तिथल्या काही शासकीय पदांची भरतीही स्थानिक आदिवासींसाठी राखीव झाली. त्यामुळे आपल्या तरुणांत नाराजी आहे आणि 'पेसा हटवा'च्या मोर्चात निळे झेंडेही दिसले. बेरोजगारी खरी आहे, नोकरीचा प्रश्न सरकारकडे लावून धरलाच पाहिजे. पण पेसा गेला तर जंगल बौद्धांना मिळणार नाही, ते खाणीला मिळेल.

दुसरीकडे, वनहक्क कायद्यात ग्रामसभा म्हणजे गावातले सर्व प्रौढ, केवळ आदिवासी नव्हेत. सामूहिक वनहक्क गावाला मिळतो, म्हणून त्यात त्या चार-सहा घरांचाही वाटा आहे. वैयक्तिक दाव्यात मात्र बिगर-आदिवासींना 13 डिसेंबर 2005 च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षे, तिथल्या जंगलावर अवलंबून असल्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्या लोकांना शतकानुशतके कागदच मिळाला नाही त्यांच्याकडे 75 वर्षांचा कागद मागितला जातो. नियमांत गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन पुरावा म्हणून चालते. म्हणजे आपल्या माणसाचा दावा गोंड म्हाताऱ्याच्या साक्षीवर उभा राहू शकतो. तालुक्याच्या ठिकाणी मोर्चा काढताना हे कोणी सांगत नाही.

ग्रामसभेत गणपूर्तीसाठी निम्मे सदस्य हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. आपल्या घरांतले किती जण त्या बैठकीला जातात? आम्ही फिरलो त्या गावांत उत्तर बहुतेक वेळा एकच होते : ती त्यांची बैठक आहे.

त्या तेंदूपत्त्याच्या बैठकीचे सांगायचे राहिले. दुसऱ्या रात्रीही निर्णय झाला नाही. तिसऱ्या रात्री म्हातारे बाबा स्वतःच म्हणाले, देवाचा डोंगर सोडून बाकीच्या जंगलातली पाने विका, आणि डोंगराच्या पायथ्याला दोन पोरे राखणीला बसवा. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पाटलांनी ठराव मोठ्याने सांगितला, मग पान तोडणाऱ्या घरांची यादी वाचली गेली. यादीत गावाच्या कडेच्या पाच बौद्ध घरांची नावे नव्हती. मुद्दाम वगळली होती असे नाही. त्यांच्यापैकी तिन्ही रात्री कोणीच आले नव्हते आणि यादी बसलेल्यांच्या आठवणीतून झाली होती.

आमचा चंद्रपूरचा मित्र उठला, टॉर्च घेऊन त्या घरांकडे गेला आणि दोन बायका व एका म्हाताऱ्याला झोपेतून उठवून घेऊन आला. पाटलांनी यादी पुन्हा वाचायला घेतली.